घोडा आमचा, शर्यत त्यांची

आमच्या घरात जुगार चालत नाही. दिवाळीत पत्ते निघाले तरी पैसे लावायचे नाहीत, हा बाबांचा दंडक. यंत्रांवर पैसे लावायची परंपरा मात्र आमच्याकडे दोन पिढ्यांची आहे.

पहिली पिढी म्हणजे बाबा. १९८५ साली मस्कतच्या काकांनी कळवलं, सुट्टीवर येताना व्हीसीआर आणतो. व्हीएचएस आणू की बीटा? यंत्रांच्या या दोन जाती, एकीची कॅसेट दुसरीत चालत नसे. बाबांनी महिनाभर चौकशी केली. बीटाचं चित्र सरस आणि कॅसेट लहान, म्हणजे कपाटात जागा कमी. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत या दुसऱ्या मुद्द्यापुढे कोण बोलणार? बीटा आला. मग बाबा कोपऱ्यावरच्या व्हिडिओ लायब्ररीत गेले. भिंतभर कॅसेटी, सगळ्या व्हीएचएस. बीटाचा सिनेमा आमच्याकडे एकच होता, काकांनी यंत्रासोबत आणलेला. तो आम्ही इतक्यांदा पाहिला, की खलनायकाच्या आधी त्याचे संवाद आजी म्हणायची.

बीटा १९७५ मध्ये सोनीनं आणलेलं, व्हीएचएस त्याच्या पुढच्या वर्षी जेव्हीसीनं. सुरुवातीच्या बीटा कॅसेटवर तासाभराचंच चित्रण मावायचं, व्हीएचएसवर दोन तासांचं. अख्खा सिनेमा एका कॅसेटवर बसतो म्हटल्यावर चित्राच्या सरसपणाला कोण विचारतो? १९८८ मध्ये खुद्द सोनीच व्हीएचएसची यंत्रं बनवू लागली. ते वाचलं त्या दिवशी बाबा काहीच बोलले नाहीत. आईनं आठवडाभरात क्रोशाचा रुमाल विणून बीटावर घातला, वर फुलदाणी ठेवली, आणि विषय संपला.

या इतिहासातून मी एकच धडा घेतला: सोनीच्या घोड्यावर पैसे लावायचे नाहीत.

२००७ साली मी न्यू जर्सीत, एडिसनला राहत होतो. नवा मोठा टीव्ही घेतला होता आणि त्यावर जुन्या डीव्हीडी धुकट दिसत होत्या. बाजारात तेव्हा भाऊबंदकी पेटलेली. डीव्हीडीची गादी चालवायला जास्त स्पष्ट चित्राच्या दोन डिस्का पुढे आलेल्या, एकीच्या यंत्रात दुसरी चालत नव्हती. एकीकडे तोशिबाची एचडी डीव्हीडी, दुसरीकडे सोनी आणि मंडळींची ब्लू-रे. गंमत म्हणजे लेझर दोघांचाही निळाच, ४०५ नॅनोमीटरचा. पण नाव लावलं फक्त एकानं. ब्लू-रेच्या एका थरात २५ जीबी मावायचे, एचडी डीव्हीडीत १५. मात्र एचडी डीव्हीडीत माहितीचा थर जुन्या डीव्हीडीसारखाच पृष्ठभागापासून ०.६ मिलीमीटर आत, म्हणून जुन्याच कारखान्यांत थोड्या फेरफारानं ती निघायची. ब्लू-रेचा थर जेमतेम ०.१ मिलीमीटर खाली. ओरखड्यांपासून वाचवायला त्यावर वेगळा कडक लेप द्यावा लागे. शिवाय एचडी डीव्हीडीला प्रदेशाचं कुलूप, म्हणजे एका भागातली डिस्क दुसऱ्या भागातल्या यंत्रात चालू न देणारी अट, नव्हतं. अमेरिकेत घेतलेली डिस्क उद्या डोंबिवलीत चालेल! या मुद्द्यावर माझा ऊर भरून आला. डोंबिवलीत ती लावायची कशावर, हा प्रश्न मला सुचला नाही.

माझा एक मित्र विरुद्ध पक्षात होता. त्याला आपण निळू म्हणू. त्यानं मुलासाठी म्हणून प्लेस्टेशन ३ घेतला होता, त्यात ब्लू-रे आयतंच आलेलं. मुलगा तेव्हा आठ महिन्यांचा होता.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका मोठ्या दुकानसाखळीनं एचडी डीव्हीडी प्लेअर शंभर डॉलरच्या आत काढला. वर्ष-दीड वर्षापूर्वी पहिली यंत्रं आली तेव्हा किंमत पाचशे होती. मी पहाटे रांगेत उभा. शिवाय खोक्यावरचा बारकोड कापून पोस्टानं पाठवला की पाच सिनेमे फुकट! फुकट म्हटल्यावर माझ्यातला डोंबिवलीकर जागा झाला. घरी येऊन यंत्राची पिन लावायच्या आधी मी कात्री शोधली. बारकोड कापलेलं खोकं दुकान परत घेत नाही, हे बायकोनं सांगितलं ते मी पाकिटाला तिकीट चिकटवत असताना.

"परत कशाला करायचंय?" मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. ती अशी गप्प बसली की मला बाबांची चौकशी आठवते.

चित्र, खरं सांगतो, अप्रतिम होतं. नटांच्या नाकावरची छिद्रं मोजता येत होती. निळू येऊन बघून गेला आणि "बरंय" म्हणाला. त्याच्या तोंडून हे म्हणजे भारतरत्न.

चार जानेवारी २००८ ला वॉर्नर या हॉलिवूडच्या सिनेकंपनीनं जाहीर केलं, की यापुढे आपले सिनेमे फक्त ब्लू-रेवर. तोवर ते दोन्ही दगडांवर पाय ठेवून होते. लास व्हेगासचं इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं मोठं प्रदर्शन तोंडावर आलेलं, तिथली पत्रकार परिषद एचडी डीव्हीडीवाल्यांनी रद्दच केली. संक्रांत त्या वर्षी आमच्यावर दहाएक दिवस आधीच आली. मराठी माणसाला जानेवारीतल्या पराभवाची सवय आहे, पण तिथं निदान समोर अब्दाली होता.

मी धीर सोडला नाही. पॅरामाउंट आहे, युनिव्हर्सल आहे, लढू. फेब्रुवारीत तेव्हा डिस्का भाड्यानं देणारं नेटफ्लिक्स गेलं, त्या विकणारं वॉलमार्ट गेलं. एकोणीस तारखेला खुद्द तोशिबानंच टोकियोत हात वर केले. युनिव्हर्सलनं सुतक फिटायचीही वाट पाहिली नाही, त्याच दिवशी ते पलीकडे गेले. मी तेव्हा ऑफिसात होतो. निळूचा मेसेज आला: "संध्याकाळी येऊ का?" भेटायला येणाऱ्यांचा तोच सूर असतो. विष आम्ही प्यायलो आणि नीळकंठ तो.

पुढच्या महिन्यात एका दुकानसाखळीनं आपल्याकडून एचडी डीव्हीडी प्लेअर घेतलेल्यांना पन्नास डॉलरचं गिफ्ट कार्ड दिलं. ते दुकान माझ्या घराच्या जवळचं. मी पैसे वाचवायला लांबच्या दुकानात गेलो होतो.

मग डिस्कांचा सेल लागला. मोजून तेवीस आणल्या.

"माणूस गेल्यावर त्याला शर्ट घेतोयस," बायको म्हणाली.

"यंत्र चालू आहे ना पण!"

हाच खरा त्रास होता. यंत्र बंद पडतं तर टाकता आलं असतं. ते ठणठणीत होतं. चालू वस्तू टाकणं आमच्या रक्तात नाही. पावसाळी चप्पलसुद्धा आम्ही अंगठा तुटेपर्यंत बाळगतो. त्यात मार्चमध्ये दारात एक पुडकं येऊन पडलं. कात्रीनं कमावलेले पाच फुकट सिनेमे! त्यातले दोन मी सेलमध्ये घेऊन चुकलो होतो.

त्या रविवारी डोंबिवलीला फोन लावला. इकडचं तिकडचं झाल्यावर बाबांना सगळं सांगितलं. थर, लेझर, वॉर्नर, बारकोड.

"म्हणजे या खेपेला सोनी जिंकली?" बाबांनी विचारलं.

"हो."

"आणि तू सोनीच्या विरुद्ध होतास."

"तुमच्याच अनुभवावरून."

पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं फोन कटला. मग बाबांनी रिसीव्हरवर हात ठेवून आईला काहीतरी विचारल्याचं ऐकू आलं, आणि ते परत आले.

"आई विचारतेय, लांबी-रुंदी किती आहे?"

मी मोजपट्टी आणायला उठलो.