गणित दिवस कसा उरकावा

विद्यापीठाच्या गणित विभागाची प्रमुखकी नुकतीच गळ्यात पडली असेल तर एक लक्षात ठेवा. राष्ट्रीय गणित दिवस कॅलेंडरात २२ डिसेंबरला, गणितज्ञ रामानुजन यांच्या जन्मदिनी, असतो; पण साजरा होतो तो नॅकच्या (विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या) फायलीत. तेव्हा व्याख्याता नंतर बघा, आधी फ्लेक्स. कुलगुरू मधोमध, रामानुजन कोपऱ्यात, खाली मान्यवर पदांच्या उतरत्या क्रमाने. (समीकरणातलं चिन्ह चुकलं तर चालतं, हा क्रम चुकलेला कोणी खपवून घेत नाही.)

प्रमुख पाहुणे गणिताचे नसलेले बरे. 'मला शाळेत गणित कधी जमलंच नाही' म्हणून ते टाळ्या घेतात आणि आजारी रामानुजनना भेटायला हार्डी हे इंग्रज गणिती ज्या १७२९ नंबरच्या टॅक्सीने आले, तिची गोष्ट सांगतात. ही संख्या दोन घनांची बेरीज म्हणून दोन तऱ्हांनी लिहिता येते, ते मात्र राहून जातं; दीपप्रज्वलन आणि शाल-श्रीफळातच वेळ गेलेला असतो. रामानुजन गणितापायी बाकीचे विषय बुडवून एफ.ए.ला (तेव्हाच्या कॉलेजच्या परीक्षेला) नापास झाले, हे भाषणात जरूर येऊ द्या. फक्त मागच्या भिंतीवर पीएच.डी.च्या पात्रतेची नोटीस लटकत नाही ना, ते शिपायाकडून पाहून घ्या.

देवळालीचे गणिती कापरेकर शक्यतो टाळा. शाळामास्तर, तेही एम.एस्सी. न केलेले, फ्लेक्सवर नावापुढे काय लावणार? शिवाय त्यांचा ६१७४ धोकादायक आहे. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नसले म्हणजे झालं. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच (उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य धरा). फार तर सातव्या वजाबाकीला ६१७४ येतो म्हणजे येतोच. आता मागच्या बाकावरची एखादी मुलगी पाहुण्यांचाच १७२९ घेऊन पत्रिकेच्या पाठीवर मांडायला बसते: ९७२१ वजा १२७९, ८४४२. मग ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, आणि सातव्या खेपेला ६१७४! ती शेजारणीला कोपर मारते, शेजारीण स्वतःची संख्या धरते, आणि पाहुण्यांचं भाषण चालू असताना तीन रांगा माना खाली घालून वजाबाक्या करतायत. त्यात कोणी विचारलं, 'सर, पाच अंकी घेतली तर?' मग कोणाला उभं करणार?

जिओटॅग केलेले फोटो पोरं चहाला उठायच्या आत काढा. फीडबॅक फॉर्म भरल्याशिवाय ई-प्रमाणपत्र नाही, आणि फॉर्मात 'काय शिकलात?' हा प्रश्न नको.

पुढचा कार्यक्रम १४ मार्चचा, पायचा (वर्तुळातला π, साधारण ३.१४). युनेस्कोने २०१९ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय गणित दिवस केलं. ३/१४ ही तारीख लिहायची अमेरिकन रीत, हे खरं. आपल्या रीतीने २२/७ म्हणजे २२ जुलै, आणि २२/७ हा अपूर्णांक ३.१४ पेक्षा पायच्या जवळही आहे. पण जुलैत ॲडमिशनची धांदल आणि तिजोरीत खडखडाट. निधी ३१ मार्चच्या आत संपवायचा असतो, त्यामुळे १४ मार्चच शास्त्रशुद्ध.