सिमला ऑफिसचा अंदाज आणि गुलमर्गचं वाळलेलं गवत

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला की आमच्या ग्रुपवर ठरलेले फॉरवर्ड सुरू होतात. "यंदा ला निना! काश्मीरमध्ये विक्रमी बर्फ! आत्ताच बुकिंग करा!" (ला निना म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा थंड होणं. उलट तापलं की एल निनो.) मग कुणीतरी मला टॅग करतं, कारण ग्रुपात स्कीइंग करणारी मी एकटीच. (करणारी म्हणजे पडणारी. एक्केचाळिसाव्या वर्षी शिकले. आईचं मत अजून तेच आहे: "पडायचंच आहे तर पर्वतीच्या पायऱ्या काय वाईट?")

दरवर्षी प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. महिना-तीन महिन्यांच्या अंदाजावर बर्फाचं बुकिंग करू नका. मी केलं होतं.

जानेवारी 2024. महिन्याच्या तोंडावर हवामान खात्याचा अंदाज आला, उत्तर भारतात जानेवारीत सरासरीपेक्षा जास्त पाऊस. हिवाळ्यात डोंगरावर पडणारा बर्फही याच आकड्यात धरलेला असतो. मी खूश. पैसे परत न मिळणारी, म्हणून स्वस्त, अशी विमानाची तिकिटं काढली. तारखा चिल्लई कलानच्या मधोमध, म्हणजे 21 डिसेंबरपासून चाळीस दिवस चालणाऱ्या काश्मीरच्या सगळ्यात कडक थंडीत. यापेक्षा खात्रीचा मुहूर्त कुठला?

एरवी गुलमर्गच्या पायथ्याला, टंगमर्गला, गाडी चाकांना साखळ्या लावायला थांबते. त्या दिवशी थांबलीच नाही, सरळ वर गेली. तिथेच पोटात गोळा आला. वर गुलमर्गचं ते प्रसिद्ध पठार वाळलेल्या गवताचं, आपल्याकडे मे महिन्यात माळरान दिसतं तसं. घोड्यांच्या टापांनी धूळ उडत होती. लाकडी स्लेज एकावर एक पालथ्या रचलेल्या आणि स्लेजवाले फेरनच्या, म्हणजे काश्मिरी झग्याच्या, आत कांगडी (निखाऱ्यांची छोटी शेगडी) धरून उन्हात बसलेले. मी दरवेळी ज्यांच्याकडून स्की भाड्याने घेते, त्या चाचांनी चांगली जोडी द्यायलाच नकार दिला. "पत्थर लगेगा मैडम, नीचे से फट जाएगी." मग नून चाय, म्हणजे काश्मिरी खारा चहा, पाजली. गोंडोलाने (केबल कारने) वर अफरवट शिखराकडे जाऊन आम्ही सावलीत उरलेले पांढरे पट्टे बघितले, फोटो काढले, परत आलो. त्या जानेवारीत वायव्य भारतात पाऊस पडला 3.1 मिलिमीटर. 1901 पासूनचा दुसरा नीचांक.

आणि खरा बर्फ कधी पडला? जानेवारी संपता संपता. मी तोवर पुण्यात, ऑफिसात. चाचांचा व्हिडिओ आला, दुकानाच्या पायरीवर गुडघाभर बर्फ आणि मागून आवाज, "शीन मुबारक, मैडम!" शीन म्हणजे बर्फ. पहिल्या बर्फाला तिकडे अशा शुभेच्छा देतात. मला त्या क्षणी त्या घ्यायला जड गेल्या, हे कबूल करते.

आता कुणी म्हणेल, बघा, हवामान खातं! नेहमीचंच! इथे मी खात्याच्या बाजूने आहे. हंगामी अंदाज म्हणजे तीन खोके: कमी, सरासरीइतका, जास्त. काहीच माहिती नसेल तर प्रत्येक खोक्याला तेहतीस टक्के. शास्त्रज्ञ समुद्राचं तापमान वगैरे बघून सांगतात की 'जास्त'च्या खोक्याकडे पारडं थोडं झुकतंय. आपण त्यातलं 'झुकतंय' गाळतो, 'जास्त' तेवढं वाचतो आणि कार्ड स्वाइप करतो.

शिवाय मान्सूनचा अंदाज वाचायची आपली सवय इथे दगा देते. मान्सून चार महिने पडतो आणि आकडा अख्ख्या देशाचा असतो, त्यामुळे इथली तूट तिथे भरून निघते. काश्मीरचा बर्फ आणतात पश्चिमी चक्रावात, भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तानवरून सरकत येणारे. महिन्याला मोजून काही येतात आणि त्यातले एक-दोनच दणकून बरसतात. तेवढे एक-दोन थोडे उत्तरेकडून निघून गेले की महिना कोरडा. कुठला चक्रावात कुठून जाणार हे आठवडा-दहा दिवस आधी बऱ्यापैकी कळतं. दोन महिने आधी कुणालाच कळत नाही, ना खात्याला ना यूट्यूबवरच्या हवामानतज्ज्ञाला.

ला निनाचं म्हणाल तर 2024चा तो कोरडा जानेवारी एल निनोतला. पुढच्या हिवाळ्यात ला निना आला (अमेरिकेच्या 'नोआ' या हवामान संस्थेने जानेवारी 2025 मध्ये तसं जाहीर केलं), फॉरवर्डवाल्यांना चेव आला, आणि गुलमर्गचे खेलो इंडिया हिवाळी खेळ बर्फ नाही म्हणून 22 फेब्रुवारीवरून पुढे ढकलावे लागले. ते झाले 9 ते 12 मार्चला. घ्या आता.

गंमत म्हणजे हे सगळं माझ्या घराजवळच शिजतं. शिवाजीनगरचा सिमला ऑफिस चौक आपण रोज ओलांडतो. हवामान खात्याचं मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं म्हणून ते नाव. मुख्यालय नंतर दिल्लीला गेलं, पण हंगामी अंदाजाचं काम अजून इथेच चालतं. आणि या खात्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी 1880च्या दशकात मान्सूनचा अंदाज बांधायला सुरुवात केली ती कशावरून? हिमालयातल्या बर्फावरून! थोडक्यात, बर्फावरून पाऊस सांगायला निघालेलं खातं, आणि मी त्याच्याकडे बर्फच मागत होते.

आता मी जानेवारीचा नाद सोडलाय. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून पुढचे पंधरा दिवस मोकळे ठेवते, ऑफिसात आधीच सांगून. दर गुरुवारी खात्याचा पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज येतो, तो चाळते. चक्रावात आठवड्यावर आला की तिकीट काढते. महाग पडतं. पण 2024चा हिशोब मांडला तर त्या स्वस्त तिकिटांत मला पडला तो एक कप नून चाय.

चाचांना मी एकदा सांगून बसले की हा अंदाज आमच्या पुण्यात तयार होतो. तेव्हापासून दर नोव्हेंबरला त्यांचा फोन येतो. त्यांना दोन मुलगे आणि चाळीस जोड्या स्की सांभाळायच्या आहेत, माझ्यासारखी तारीख पुढे ढकलता येत नाही. "आपके पुणेवाले क्या बोल रहे हैं?" मागच्या वेळी मी म्हटलं, नॉर्मल बोलताहेत. जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "नॉर्मल मतलब, पहले जैसा या आजकल जैसा?"