अब्रे, अब्रास, अब्रा... आणि माझी अब्रू

दोन मार्क गेले. शेवटच्या एका काना-मात्रेपायी.

स्पॅनिशच्या परीक्षेत भाषांतराला वाक्य एवढंसं होतं: ‘तिने तोर्तिया खाल्ली असेल.’ (स्पेनमधली बटाटा-अंड्याची तोर्तिया, मेक्सिकोतली पोळी नव्हे.) मी लिहिलं, ‘एया अब्रा कोमीदा ला तोर्तिया’. का? तर तोर्तिया स्त्रीलिंगी. ती तोर्तिया, म्हणून ‘खाल्ली’. शिरा असता तर ‘खाल्ला’ आणि आमलेट असतं तर ‘खाल्लं’. जन्मापासून तोंडात हेच बसलंय. मॅडमनी लाल रेघ मारली, ‘कोमीदो’ लिहिलं आणि वर हसल्या. ‘अब्रा कोमीदा’चा अर्थ म्हणे ‘जेवण असेल’. लग्नपत्रिकेत छापतात तसं!

म्हणजे ‘अबेर’ (‘अब्रा’ त्याचंच रूप) या सहायक क्रियापदानंतर येणारं रूप कधीच बदलायचं नाही. बाई असो, बाप्या असो, एक तोर्तिया असो की पन्नास, कोमीदो म्हणजे कोमीदो. बरं, मान्य. पण हेच रूप ‘एस्तार’नंतर (म्हणजे ‘असणे’) आलं की लगेच लाजून बदलतं. दार उघडं आहे म्हणायचं तर दार स्त्रीलिंगी म्हणून ‘अबिएर्ता’, आणि मी दार उघडलेलं असेन म्हणायचं तर ‘अबिएर्तो’. तेच दार! आणि चीड कशाची येते सांगू? मध्ययुगातल्या स्पॅनिशमध्ये ‘अबेर’सोबतसुद्धा हे रूप कर्माप्रमाणे बदलायचं. म्हणजे माझं उत्तर चुकीचं नव्हतंच, फक्त काही शतकं उशिरा आलं. यावर निदान अर्धा मार्क तरी?

पण खरा संताप याच्यावर नाहीच. खरा संताप शिकवण्यावर आहे. पुण्यात बसलेल्या पंधरा मराठी पोरांना ‘खाल्ली असेल’चा हा काळ इंग्रजीतून शिकवतात. ‘विल हॅव ईटन.’ मग फळ्यावर आडवी रेघ, रेघेवर दोन फुल्या, एक भविष्यातली, एक त्या भविष्याच्या अलीकडची, मध्ये बाण. तीन तास. तिसऱ्या तासाला माझ्या शेजारचा मुलगा त्या रेघेवर लोकलची स्टेशनं लिहीत होता.

आणि घरी आले तर आई फोनवर कुणाला तरी सांगत होती, ‘अगं, गाडी चुकली असेल. नाहीतर झोप लागली असेल.’ मी चपला काढता काढता थांबले. हाच की तो काळ! ‘अब्रा पेर्दीदो एल त्रेन. से अब्रा दोर्मीदो.’ शब्दाला शब्द. स्पॅनिश माणूसही बोलताना हा काळ बऱ्याचदा अंदाज बांधायलाच वापरतो. के अब्रा पासादो? काय झालं असेल? यात रेघ कुठे आहे? बाण कुठे आहे?

असेन, असशील, असेल, असू, असाल, असतील. अब्रे, अब्रास, अब्रा, अब्रेमोस, अब्रेइस, अब्रान. सहाला सहा! एवढं एक वाक्य पहिल्या दिवशी सांगितलं असतं, ‘हे आपलं असेल-असतील, फक्त पुढचं रूप लिंगाप्रमाणे बदलू नका’, तर दहा मिनिटांत विषय संपला असता आणि माझे दोन मार्क वाचले असते. जिथे मराठी हात धरते तिथे कुणी सांगत नाही, आणि जिथे मराठी पाय अडकवते तिथेही कुणी सांगत नाही. इंग्रजीचा चष्मा लावून बसायचं सगळ्यांनी.

बाकी त्या भाषेचे नखरे आहेतच. सहापैकी पाच रूपांच्या डोक्यावर तिरकी रेघ द्यायची, एकट्या ‘अब्रेमोस’ला नाही. रेघ विसरलात की जोर सरकतो. सुरुवातीचा एच तर उच्चारायचाच नसतो, त्यामुळे शेवटावर जोर दिला की ‘अब्रे’, म्हणजे मी केलेलं असेन, आणि सुरुवातीला दिला की ‘आब्रे’, म्हणजे उघडतो. तोंडी परीक्षेत घाम फुटलेला असताना जोर कुठे पडतो, माझं मला कळत नाही.

आणि ‘कोमीदो’च्या जागी येणारी ती अनियमित रूपं! एचो, दीचो, बीस्तो, एस्क्रीतो, पुएस्तो, बुएल्तो, रोतो, मुएर्तो. ‘लिहिलेलं’साठी ‘एस्क्रीतो’ऐवजी ‘एस्क्रिबीदो’ लिहिलं की चूक. पण तळण्यासाठी ‘फ्रीतो’ही चालतं आणि ‘फ्रेईदो’ही! १७१३ सालापासून माद्रिदमध्ये स्पॅनिश भाषेची अकादमी बसलीय, आणि तळणाला दोन रूपं, लिहिण्याला मात्र एकच. मोठ्यांच्या घरचा न्याय.

यावर कडी म्हणजे स्पॅनिशचा साधा भविष्यकाळ मुळात बनलाच क्रियापदाच्या शेपटीला ‘अबेर’ची रूपं जोडून. ‘कान्तार’ला (म्हणजे ‘गाणे’) अबेरचा ‘ए’ चिकटवला, झालं ‘कान्तारे’, मी गाईन. म्हणजे ‘अब्रे’मध्ये ‘अबेर’ दोनदा आहे. एकदा स्वतः, एकदा शेपटीत. आणि एवढं करून ‘माझ्याकडे आहे’ म्हणायला या अबेरचा उपयोग शून्य, त्यासाठी ‘तेनेर’ वेगळं पाठ करा.

एक गोष्ट मात्र आवडली, खोटं कशाला बोलू. ‘अब्रासे बीस्तो!’ शब्दशः ‘पाहिलं गेलं असेल का’, पण म्हणतात ते ‘काय बाई हा आगाऊपणा!’ अशा ठसक्यात. चिडायला खास याच काळातला वाक्प्रचार. वहीत मोठ्या हौसेने लिहिला, ‘अब्रा’वर रेघ देऊन. तर तीही चूक! मागे ‘से’ चिकटला की रेघ उडते.

शुक्रवारपर्यंत तीस वाक्यं लिहायची आहेत. अकरा झालीत. आतून आईने विचारलं, ‘झाला का गं अभ्यास?’ मी काही बोलायच्या आत बाबाच म्हणाले, ‘झाला असेल.’