काबोक्लोंना ‘जंगलातली भुतं’ म्हणणं चूक आहे

ब्राझीलच्या उंबांदा धर्मातले व्हिडिओ अधूनमधून आपल्या ग्रुपवर येतात. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, ढोल, अंगात आलेली एखादी बाई. सोबतचा मजकूर ठरलेला: ही आफ्रिकेतली काळी जादू, ढोल बडवून आणि मंत्र म्हणून जंगलातली भुतं बोलावतात, शत्रूवर सोडतात, म्हणून तर सरकारनं बंदी घातली होती. यातला जवळजवळ प्रत्येक शब्द चुकीचा आहे.

आधी भुतांचं. व्हिडिओत अंगात येतात ते बहुधा काबोक्लो, म्हणजे ब्राझीलच्या मूळ रहिवाशांचे, रानातल्या माणसांचे आत्मे. तुपिनांबा, पेना ब्रांका, सेते फ्लेशास, जुरेमा ही त्यांची नावं. भक्तांच्या लेखी ते जाणते वैद्य. आलेला काबोक्लो रांगेत थांबलेल्या एकेकाची विचारपूस करतो, चिरुटाचा धूर सोडतो, सतापीच्या डहाळ्या अंगावरून फिरवतो, कुठल्या पाल्यानं अंघोळ करायची ते सांगतो. उंबांदात याला सेवा मानतात. शत्रूवर सोडण्याचा इथे प्रश्नच येत नाही.

आता ‘मंत्र’. ही गाणी आहेत, ‘पोंतो कांतादो’. उंबांदात ती बहुतेक साध्या पोर्तुगीजमध्ये, चार-सहा ओळींची असतात. त्यांत पानं, बाण, धबधबा, आणि रानाचा शिकारी ओरिशा, म्हणजे देव, ओशोसी. सगळा विधी त्यांच्यावरच चालतो: सुरुवातीचं गाणं वेगळं, धूप फिरवतानाचं वेगळं, काबोक्लोला बोलावण्याचं वेगळं आणि निरोपाचंही वेगळं. अताबाके हा ढोलही ‘बडवत’ नाहीत. तो पवित्र मानतात, वाजवणाऱ्याला मान असतो आणि कुठल्या गाण्याला कुठला ठेका हे त्याला शिकावं लागतं.

‘आफ्रिकेतलं’ हे अर्धंच खरं. ओरिशा गुलाम करून आणलेल्या आफ्रिकन माणसांबरोबर आले, काबोक्लो मात्र ब्राझीलच्याच मातीतला. 1823 मध्ये पोर्तुगीज सैन्य ब्राझीलचा बाहिया प्रांत सोडून गेलं, त्याचा दिवस 2 जुलै. त्या दिवशी बाहियातल्या साल्वादोर शहराच्या रस्त्यांवरून काबोक्लो आणि काबोक्ला (स्त्री काबोक्लो) यांच्या मूर्तींची मिरवणूक निघते आणि लोक त्यांच्यापाशी नवसाच्या चिठ्ठ्या ठेवतात.

राहिली बंदी, आणि याचाच मला सर्वांत जास्त राग येतो. 1888 मध्ये गुलामगिरी संपली आणि 1890 च्या दंडसंहितेनं, कलम 157 खाली, ‘जादू’ हा गुन्हा ठरवला. त्याच्या जोरावर पोलीस उंबांदासारख्या धर्मांच्या देवस्थानांवर छापे घालत, ढोल, मूर्ती, माळा उचलून नेत. रिओच्या पोलिसांनी या जप्त वस्तूंचा संग्रह ‘काळी जादू’ याच नावानं ठेवला. म्हणजे आज आपण पुढे पाठवतोय तो शिक्का छापा घालणाऱ्यांचा आहे, पूजा करणाऱ्यांचा नव्हे. त्या पाचशेहून अधिक वस्तू धर्मप्रमुखांनी लढा दिल्यावर 2020 मध्ये पोलिसांच्या ताब्यातून सुटल्या आणि रिओच्याच प्रजासत्ताक संग्रहालयात गेल्या. तिथे त्यांचं नाव आता ‘आमचं पवित्र’ असं आहे.