दिवा आपोआप लागतो, बाकीचं देव बघतो

पावसाळा तोंडावर आला की आमच्या भागात अंगणातल्या, शेतातल्या आणि देवळापुढच्या दिव्यांना सेन्सर बसवायची लाट येते. अंधार पडला की दिवा आपोआप लागतो, उजाडलं की आपोआप विझतो. एवढं सगळं आपोआप होतंय म्हटल्यावर आपण डोकं कशाला चालवायचं? तेव्हा बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या तमाम मालकांसाठी, पंचायतीच्या मेंबरांसाठी आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांसाठी बाहेरच्या विजेच्या पेटीवर सेन्सर बसवायची रीत इथं लिहून ठेवतो. पाळायला सोपी आहे. पुष्कळ ठिकाणी ती आधीपासून पाळली जातेच.

सुरुवात भोकापासून. बाहेर लावायची पेटी घेताना दुकानदारानं ‘आयपी ६५’ सांगून तुमच्याकडून चार पैसे जास्त घेतलेले असतात. त्यातला ६ म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि ५ म्हणजे पाण्याचा फवारा मारला तरी आतल्या सामानाला बाधणार नाही. अशी पेटी भिंतीवर चढली की तिच्या डोक्यावर, बरोबर मधोमध, ड्रिल लावा. सेन्सरला आभाळ दिसायला नको का! भोक वायरीपेक्षा चांगलं दुप्पट पडलं तर उत्तम. ग्लँड, म्हणजे केबलीभोवती आवळून भोक बंद करणारी कडी, अजिबात घालू नका. केबल पेटीच्या तळातून घेणं, तिला मापाचा ग्लँड लावणं, आत शिरण्याआधी खाली एक झोळ सोडणं म्हणजे पाणी झोळावरूनच गळून जातं, ही सगळी रिकामटेकड्या इंजिनिअरांची कामं.

तुम्ही एम-सील घ्या. एम-सील मळताना माणसाला जे समाधान मिळतं ते ग्लँड आवळताना कधीच मिळणार नाही. दोन रंगांच्या कांड्या एक होईपर्यंत मळायच्या, गोळा भोकाभोवती थापायचा, बोट ओलं करून कडा गुळगुळीत करायच्या आणि शेवटी अंगठ्याचा ठसा उमटवायचा. त्या ठशावरून पुढं गावात कुणाचं काम ते ओळखता येतं. मग एप्रिल-मे महिन्यात पत्रा दिवसभर तापतो, रात्री निवतो, आणि गोळा पत्र्यापासून केसभर सुटतो. केसभरच. कणकुंबी-आमगावकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना ठाऊक आहे, त्याला तेवढं पुरतं. पाणी थेट पेटीतल्या एमसीबीच्या, म्हणजे जादा करंट झाला की पडणाऱ्या खटक्याच्या, डोक्यावर. यावरही उपाय आहे, दुधाची रिकामी पिशवी सेन्सरसकट सुतळीनं बांधून टाकायची. पिशवीखाली सेन्सरला कायमची तिन्हीसांज दिसते आणि दिवे चार वाजताच लागतात. लवकर लागले म्हणून कुणी तक्रार करत नाही.

सेन्सरचं तोंड दिव्याकडेच करा. आतल्या उजेड ओळखणाऱ्या फोटोसेलवर उजेड पडला की त्याचा रोध घटतो आणि रिले, म्हणजे विजेवर चालणारा आतला खटका, दिव्याची वीज तोडतो, बिचाऱ्याला बाकी अक्कल नाही. तर होतं काय, अंधार पडतो, दिवा लागतो, सेन्सरला तोच दिवा दिसतो, त्याला वाटतं उजाडलं, दिवा विझतो, की पुन्हा अंधार. गल्लीत रात्रभर उघडझाप. तोंड उत्तरेला, मोकळ्या आभाळाकडे करा, थेट ऊन नको आणि आपलाच दिवा दिसायला नको, असं जाणकार सांगतात. त्यांचं ऐकलंत तर पोराबाळांची करमणूक गेली.

आता वायरी. काळी म्हणजे न्यूट्रल, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण तीन वायरींच्या कित्येक सेन्सरांत काळी फेजला, म्हणजे झटका देणाऱ्या तारेला, जाते, पांढरी न्यूट्रलला आणि लाल दिव्याकडं. तसं पाकिटावरच्या आकृतीत छापलेलं असतं, म्हणून पाकीट आधी फेकून द्या. त्यानंतर दिवा लागेपर्यंत वायरींची अदलाबदल करत राहायची आणि दिवा लागला की थांबायचं. काम बरोबर झाल्याची याहून मोठी खूण कोणती? या खटपटीत सेन्सर फेजऐवजी न्यूट्रल तोडायला लागला तर उलट फायदाच. दिवा विझलेला दिसतो आणि होल्डरमध्ये फेज दिवसभर जागी असते. एलईडी असेल तर रात्रंदिवस मिणमिणतही राहतो. त्याला झिरोचा दिवा म्हणायचं.

सेन्सरवर ६ अँपिअर किंवा १० अँपिअर लिहिलेलं असतं. ते कमीपणानं लिहितात. तुळशीवृंदावनापासून गोठ्यापर्यंत आणि गोठ्यापासून मंडळाच्या कमानीपर्यंत सगळे दिवे त्या एकावरच टाका. एलईडीचे ड्रायव्हर चालू होताना क्षणभर जो करंट ओढतात तो नेहमीच्या कितीतरी पट असतो, आणि रोज संध्याकाळी तो झटका खाऊन खाऊन रिलेचे कॉन्टॅक्ट एक दिवस एकमेकांना चिकटतात. ज्यांना हे टाळायचं असतं ते मध्ये कॉन्टॅक्टर नावाचा मोठा खटका बसवतात, म्हणजे सेन्सर फक्त त्याची कॉइल ओढतो आणि दिव्यांचा भार कॉन्टॅक्टर उचलतो. पण तो पेटीत जागा खातो आणि रोज संध्याकाळी ‘टक’ असा आवाज करतो. कॉन्टॅक्ट चिकटला की भर दुपारी बारा वाजता दिवे जळतात. कर्नाटक सरकारच्या फुकट विजेच्या गृहज्योती योजनेत बिल शून्य येतंय तोवर ते छान दिसतं. महिन्याला २०० युनिटच्या वर गेलात की अख्खं बिल तुमच्या नावावर. तेव्हा सेन्सरला दोष द्या आणि तसलाच दुसरा आणा.

आरसीसीबी नावाचा एक भित्रा प्राणी पेटीत असतो. ३० मिलीअँपिअर करंट जमिनीकडं गळला की तो खाली पडतो आणि वीज तोडतो. हे माणूस वाचवायला असतं म्हणे. पावसाळ्यात वरच्या भोकातून पाणी आलं की तो सारखा पडायला लागतो. त्याला वरखाली करून कंटाळलात तर वायरमनला बोलवा. तो पेटी उघडून एक नजर टाकेल आणि म्हणेल, “काय होत न्हाई ओ मालक, हे काढून सरळ जोडतो की.” जोडेल. मग काही पडत नाही. पडायचं असेल ते माणूसच पडेल.

अर्थिंगचं थोडक्यात उरकतो, कारण तुम्हीही थोडक्यातच उरकता. हिरवी वायर नळाला बांधायची. नळ आता पीव्हीसीचा आहे, पण वाडवडिलांपासून नळालाच बांधायची पद्धत आहे. पेटीच्या दाराला वेगळी लवचिक अर्थवायर लागते, हे तर पुस्तकातलं. दार बिजागरीला जोडलेलं आहे, बिजागरी पेटीला, वर रंगाचे दोन हात. बस्स.

पुस्तकांवरून आठवलं. वायरिंगसाठी आयएस ७३२ हे भारतीय मानक आहे, २०१९ ला सुधारलेलं. अर्थिंगसाठी आयएस ३०४३. राष्ट्रीय विद्युत संहिता २०२३ ला नव्यानं आली, आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेचे नियमही त्याच वर्षी बदलले. यात एक मोठी अडचण आहे. हे सगळं दिल्लीचं असल्यामुळं बेळगावात जे लागू तेच पलीकडं महाराष्ट्रातल्या चंदगडातही लागू. आपल्याकडं कुठलंही काम अडलं की सीमाप्रश्नावर ढकलता येतं. इथं ती सोय नाही. फॉर्म कन्नडमध्ये असला तरी पाणी कन्नडमध्ये शिरत नाही.

काम लायसन्सच्या कंत्राटदारानं करायचं असतं. त्याची सही घ्या आणि काम मेव्हण्याकडून करवून घ्या. मेव्हण्यानं कॉलेजात असताना मंडळाची लायटिंग केलेली आहे.

राहिली दुरुस्ती. पाऊस जरा उघडला की दुपारीच काढा, उजेड असतो. मेन बंद करू नका, घरात मालिका चालू असते. सेन्सरनं दिवा बंद केलेलाच आहे, म्हणजे लाइन बंदच समजायची. मीटरपासून सेन्सरपर्यंत फेज तशीच असते आणि सेन्सर म्हणजे काही मेनचा खटका नव्हे, हा बारकावा शिडी लावेपर्यंत आठवू नका. पायात चप्पल असू द्या, ओली असली तरी रबरीच आहे. दाराला टेका, होल्डर फिरवा, वायरीचं टोक दातानं सोला. एवढ्यात जांबोटीकडून ढग येतात. साडेतीनलाच असं अंधारून येतं की गुरं आपणहून गोठ्याकडं वळतात. सेन्सरला वाटतं, झाली संध्याकाळ. आणि शिडी धरून खाली उभा असलेला पोरगा आनंदानं ओरडतो, “काका, लागला की ओ!”