चौथी टर्म आणि गहाळ झालेला तास

मेलबर्नमध्ये शाळेची शेवटची, म्हणजे चौथी टर्म ऑक्टोबरात उघडते. त्याच महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकार पहाटे घड्याळ एक तास पुढे ढकलतं. हे दोन मुहूर्त एकमेकांना चिकटवून ज्याने काढले, त्याचं पंचांग मला एकदा बघायचंय. दोन आठवडे सुट्टीत उन्हं अंगावर येईपर्यंत लोळलेलं पोर, त्यात हक्काच्या झोपेतला एक तास कापलेला, आणि सोमवारी सकाळी ते युनिफॉर्म घालून गेटाशी हजर करायचं!

२०२५ मध्ये तर कहरच झाला. ५ तारखेला घड्याळ पुढे गेलं, ६ ला शाळा उघडली आणि त्याच रात्री कोजागिरी.

आमच्या चिरंजीवांची शाळा कॅथलिक. सांगलीत आमच्या लहानपणी कॉन्व्हेंट म्हणजे इंग्रजी, टाय आणि छडी. इथे इंग्रजी गल्लीतल्या कुत्र्यालाही कळतं, छडी कधीच बाद झाली. मग उरला तो मास, म्हणजे चर्चमधली सामूहिक प्रार्थना. बाकी आम्ही ही शाळा का निवडली म्हणाल, तर घरापासून चालत जाता येते. धर्मांतराच्या शंकेने हैराण झालेल्या सासूबाईंना हे कारण अजून पटलेलं नाही.

तर सोमवार. चौथ्या टर्मला उन्हाळी युनिफॉर्म सक्तीचा. मेलबर्नच्या हवेला हे कोणी कळवलेलं नसतं. बाहेर गार वारा, बारीक पाऊस, आणि चिरंजीव मागच्या मार्चमधल्या चड्डीत. मधल्या काळात पोरगं वाढलं, चड्डी होती तिथेच थांबली. वर टोपी हवीच. ‘नो हॅट, नो प्ले’ हा नियम तिथल्या मुलांना बायबलमधल्या दहा आज्ञांच्या आधी पाठ होतो. टोपी सापडली ती गाडीच्या डिकीत, छत्रीखाली. दोरीचं टोक चावून चावून झुरळाच्या मिशीएवढं उरलेलं, आणि आत मार्करने ठळक अक्षरात नाव... दुसऱ्याच कुठल्यातरी मुलाचं. म्हणजे आमची टोपी या घडीला कुणाच्या तरी डोक्यावर सुखाने नांदत असणार. मी काही बोलले नाही. आकार तोच, रंग तोच. देवाघरी सगळी लेकरं सारखी.

पहिल्याच दिवशी टर्मच्या आरंभाचा मास. पालकांचं स्वागत आहे असं लिहिलेलं, म्हणून गेले. कधी उठायचं, कधी बसायचं, कधी गुडघे टेकायचे यासाठी मी पुढच्या बाकावरच्या इटालियन आजीबाईंना धरून असते. त्यांचे गुडघे दुखत असल्याने त्या बऱ्याचदा बसूनच राहतात, त्यामुळे माझीही सोय होते. कम्युनियनच्या, म्हणजे प्रसादाची भाकरी वाटण्याच्या वेळी कॅथलिक नसलेली मुलं छातीवर हातांची फुली करून पुढे जातात. त्यांना प्रसाद नाही, नुसता आशीर्वाद. चिरंजीव यात वाकबगार झालेत. इतके, की त्या रात्री कोजागिरीचा नैवेद्य दाखवून झाल्यावर ते तशीच फुली करून बाबांपुढे येऊन उभे राहिले. हातच मोकळे नाहीत म्हटल्यावर नवऱ्याने नाइलाजाने डोक्यावर हात ठेवला. तेवढं घेऊन स्वारी परत फिरली. मसाला दूध मीच प्यायले.

‘कोण जागं आहे?’ असं विचारत लक्ष्मी फिरते म्हणतात. आमच्याकडे तिला विचारायची गरजच नव्हती. भिंतीवर साडेनऊ झालेले, पण चिरंजीवांच्या पोटातल्या घड्याळात अजून साडेआठच. ते टक्क जागे. मी मात्र बसल्या जागी पेंगत होते. म्हणजे लक्ष्मी पावली असलीच तर त्यालाच.

पहिल्याच आठवड्यात प्रोजेक्टही आला: सेंट मेरी मॅककिलॉप. ही ऑस्ट्रेलियाची पहिली संत, जन्म १८४२ चा, इथल्याच फिट्झरॉयमधला. खेड्यापाड्यातल्या गरीब मुलांसाठी शाळा काढल्या, आणि १८७१ मध्ये ॲडलेडच्या बिशपने ऐकत नाही म्हणून चर्चमधून बहिष्कृत केलं. पुढच्याच वर्षी बहिष्कार मागे घेतला, आणि २०१० मध्ये रोममध्ये संतपद दिलं. चिरंजीवांनी ही कथा व्हिडिओ कॉलवर आजीला सांगितली. घड्याळ सरकल्यापासून आमची संध्याकाळ बरोबर त्यांच्या आमटीच्या फोडणीवर येते, त्यामुळे निम्मं चर्र आवाजात गेलं. पण मुद्दा पोचला.

“अगं, म्हणजे वाळीतच टाकलं की बाईला! आळंदीत ज्ञानोबांच्या घरचं काय वेगळं झालं होतं?” सासूबाई झारा हातात धरून म्हणाल्या. “आधी छळायचं, मग देऊळ बांधायचं. चांगली बाई दिसते. लिही नीट, बाळा.”

तेव्हापासून धर्मांतराचा विषय निघालेला नाही.

बुधवारी ॲपवर सूचना: सॉकटोबर. परदेशातल्या मिशनकार्याला मदत म्हणून मुलांनी चित्रविचित्र मोजे घालून यायचं आणि पैसे गोळा करायचे. इतर आया दुकानात धावल्या. आमच्या कपाटात जोडीचे मोजे मिळणंच मुश्कील असल्याने वर्षात प्रथमच आम्ही काहीही न करता तयार होतो.

हे समाधान गुरुवारपर्यंत टिकलं. गुरुवारी ख्रिसमस नाटकाची यादी लागली. चिरंजीव मेंढपाळ, पोशाख घरून. आता मेंढपाळाचा पोशाख या बाबतीत माणदेशाकडच्या माणसाला कोणी काय शिकवावं? सासूबाईंनी अस्सल काळी घोंगडी कुरियर करायचं ठरवूनही टाकलं. डिसेंबरात इथे पारा पस्तिशीला टेकतो, हे त्यांना कोण सांगणार? मी बाईंना लिहून विचारलं: घोंगडी आणि काठी चालेल का?

उत्तर दहा मिनिटांत आलं. घोंगडी चालेल. काठी पुठ्ठ्याची आणावी. आणि मेंढपाळानेही मैदानावर टोपी घालणं बंधनकारक आहे.