कोथिंबिरीएवढा रॅप

परवा दुपारी माझ्या युनिटमध्ये रेडिओवरून भांडण झालं. उचलीवरून होतं, सुट्टीवरून होतं, कुठलं मशीन कुणाचं यावरून तर रोजच होतं. रेडिओवरून पहिल्यांदाच.

माहीत नसणाऱ्यांसाठी सांगतो. सोलापूरच्या पूर्व भागात माझं शाळेचे युनिफॉर्म शिवायचं छोटं काम आहे. १४ शिलाई मशीन, दोन ओव्हरलॉक, एक काज-बटण. शाळा सुरू व्हायच्या आधीचे दोन महिने आम्हाला जेवायला फुरसत नसते. सकाळी शटर वर गेलं की आधी रेडिओ, मग उदबत्ती. वडील यंत्रमागावर होते, तिथं रेडिओ लावून उपयोग नव्हता, खडखडाटात शेजारच्या माणसाची शिवीसुद्धा ऐकू यायची नाही. शिलाईचं तसं नाही. गाणं चांगलं लागलं की पायडलवरचे पाय आपोआप पळतात. हे मी मालक म्हणून सांगतोय, माझा त्यात फायदा आहे.

तर गाणं लागलं होतं नव्या पद्धतीचं. खाली ढप-ढप-ढप-ढप, वर बाईच्या आवाजात एकच ओळ परत परत, मध्येच एक रॅपर आला, आठ ओळी बोलून गेला, परत ढप-ढप. आमचे कटिंग मास्तर साठीला आलेत, रफीचे भक्त. ते म्हणाले, "शेठ, ही काय खिचडी? नाचायचं का भाषण ऐकायचं?"

काज-बटणवर १९ वर्षांचं पोरगं आहे. घरात तेलुगू, गल्लीत दखनी, शाळा मराठीत झाली, रात्री मोबाईलवर रॅप लिहितं. ते तिकडून ओरडलं, "भाषणच तर काढून टाकलंय त्यांनी मास्तर! रॅपचा पार कचरा केलाय बे."

आता मास्तरांना 'बे' म्हटल्यावर पुढं काय झालं असेल ते सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. दहा मिनिटं कात्री बंद होती.

मला गंमत वाटली ती वेगळीच. दोघं एकमेकांवर ओरडत होते, पण म्हणणं एकच होतं : मिसळू नका. मास्तरांना गाण्यात रॅप नको, पोराला रॅपमध्ये नाचायचा ठोका नको. दोघांनाही आपापलं सोवळं प्यारं.

माझं मत दोघांच्या विरुद्ध आहे आणि ते इथं जरा सविस्तर लिहितोय, कारण युनिटमध्ये मला कुणी बोलू देत नाही. मिसळावं. बिनधास्त मिसळावं, आणि ते रात्री अकराला नाही, भर दुपारी सगळे ऐकत असताना रेडिओवर लावावं. फक्त आत्ता जे मिसळतायत त्याला मी मिसळणं म्हणत नाही.

आधी पोरासाठी. हिप-हॉप, म्हणजे रॅप ज्यातून आला ते संगीत, काहीतरी शुद्ध, रस्त्यावरचं, नाचगाण्याशी संबंध नसलेलं, असं त्याच्या डोक्यात बसलंय. बाबा, ते जन्मलंच नाचायच्या पार्टीत. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधली एक इमारत, कूल हर्क नावाचा जमैकातून आलेला पोरगा. बहिणीने पार्टी ठेवली होती आणि रेकॉर्ड हा लावत होता. त्याच्या लक्षात आलं होतं की गाण्यात नुसता ताल उरतो तेव्हाच लोक खरे नाचतात. मग त्याने दोन टर्नटेबलवर, म्हणजे रेकॉर्ड फिरवायच्या यंत्रांवर, तीच रेकॉर्ड दोनदा ठेवून तो तुकडा लांबवायला सुरुवात केली. म्हणजे पाय आधी आले, तोंड नंतर.

पुढची गोष्ट तर रेडिओवाल्यांनी भिंतीवर लावून ठेवावी. १२ जुलै १९७९ ला शिकागोत एका रेडिओ जॉकीने बेसबॉलच्या मैदानात डिस्कोच्या रेकॉर्डचा ढीग स्फोटाने उडवला. 'नाचायच्या गाण्यांचा कंटाळा आलाय' ही त्याची मोहीम. लोक मैदानात घुसले, इतका गोंधळ झाला की त्या दिवशीची दुसरी मॅच खेळताच आली नाही, यजमान संघाला ती सोडून द्यावी लागली. आणि त्याच वर्षी, दोनच महिन्यांनी, रॅपचं पहिलं मोठं हिट गाणं आलं, शुगरहिल गँगचं. त्याखालचा ठेका कुणाचा? 'शिक' या डिस्को बँडचा, जसाच्या तसा वाजवलेला. मूळ संगीतकारांनी हरकत घेतली आणि गाण्यावर त्यांची नावं लागली. ते गाणं १४ मिनिटांच्या वर होतं आणि बघ, त्यात शब्दांना १४ मिनिटं होती.

१९८२ मध्ये ब्रॉन्क्सच्याच आफ्रिका बंबाटा या डीजेने जर्मनीच्या क्राफ्टवर्क बँडची चाल उचलून ८०८ नावाच्या ड्रम मशीनवर बसवली, तीही ब्रॉन्क्सच्या पोरांना नाचवायलाच. १९८० च्या दशकाच्या शेवटी रॅप आणि हाऊस (क्लबमधलं सरळ ढप-ढप ठोक्याचं नाचायचं संगीत) एकत्र करणारी एक लाटच येऊन गेली. हे सगळं काज-बटणजवळ उभं राहून मी त्याला सांगितलं तर म्हणतो, "शेठ, तुम्ही गुगल केलंय." हो केलंय. तू पण कर.

आता मास्तरांसाठी. मास्तर, तुम्हाला रेडिओवर शुद्ध पाहिजे ना? आपल्या देशात तो प्रयोग होऊन गेलाय. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटी बंद केली. हार्मोनियम! म्हणे परदेशी वाद्य, आपले स्वर त्यात बसत नाहीत. पुढं १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती मंत्री झाले, आपले मराठी गृहस्थ, शास्त्रीय संगीताचे जाणकार. त्यांच्या काळात सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ गेलीच. लोकांनी काय केलं? रेडिओचा काटा श्रीलंकेच्या रेडिओ सिलोनवर नेला आणि अमीन सायानींचा आवाज ऐकत बसले. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. तुमचे रफीसाहेबसुद्धा त्या सोवळ्यातून सुटून तुमच्यापर्यंत आलेत. त्यांच्या गाण्यांत पण व्हायोलिन, ॲकॉर्डियन, बोंगो काय काय आहे, त्याला कधी खिचडी म्हणालात का?

मास्तर यावर चहा प्यायला निघून गेले.

आणि मुळात हे आपल्याला कुणी परदेशातून शिकवायची गरजच नाही. सोलापूर म्हणजे काय? जोडबसवण्णा चौकातून बाळीवेशीपर्यंत चालत जा, चार भाषा कानावर पडतील आणि एकाच वाक्यात तीन. या गावात शाहीर राम जोशी होऊन गेले. विद्वान ब्राह्मणाच्या घरातला मुलगा, धोंडी शाहिराच्या नादाने तमासगिरांत बसायला लागला, म्हणून घरातून बाहेर पडावं लागलं, अशी गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतोय. त्याने संस्कृत पांडित्य उचललं आणि लावणीच्या ढोलकीवर ठेवलं. त्या काळी फेसबुक नव्हतं म्हणून बरं, नाहीतर 'संस्कृतीचा कचरा' म्हणून काय काय ऐकलं असतं त्याने.

लावणीचं नाव आलंच आहे तर माझा खरा मुद्दा तिथंच आहे. लावणी हे नाचायचं गाणं की ऐकायचं? दोन्ही. पण ढोलकीवाल्याचे हात कधी नीट बघितलेत का? ओळ सुरू झाली की तो हात हलका करतो. शब्द पोचू देतो, बाईला शब्दावर अदा करू देतो. ओळ संपली की मग कडकडाट, मग घुंगरू, मग शिट्ट्या. शब्दाला जागा दिली म्हणून त्या कडकडाटाला किंमत. कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबात तर डफवाला जवळजवळ गप्पच होतो, कारण कलगीवाल्याने काय कोडं घातलं हे तुरेवाल्याला आणि आपल्याला नीट ऐकू आलं पाहिजे. एकमेकाला शब्दांत पाडायचा हा खेळ आपल्याकडे रॅप बॅटलच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

आता हेच रेडिओवरच्या नव्या गाण्यात बघा. रॅपर बोलत असतो आणि खाली ढप-ढप एक इंचही मागं सरकत नाही. त्यात एफएमवर आवाज पाठवताना हळू भाग वर उचलतात आणि मोठा भाग दाबतात, म्हणजे गाडीत, दुकानात सगळं सारखं ऐकू यावं. त्यामुळे गाणं करणाऱ्याने मुद्दाम ठेवलेली शांत जागा असेल तीसुद्धा बुजते. आठ ओळींत पोराला श्वास घ्यायला वाव नाही, ऐकणाऱ्याला अर्थ लागत नाही. भाजी झाल्यावर वरून कोथिंबीर भुरभुरावी तसा रॅप. दिसायला हिरवं, चवीला काही नाही. काज-बटणवरच्या पोराचा राग याच गोष्टीवर होता, फक्त त्याने खापर मिसळण्यावर फोडलं.

वेगाचं म्हणाल तर तो काही अडसर नाही. नाचायचं हाऊस साधारण मिनिटाला १२० ते १३० ठोक्यांचं, जुन्या पद्धतीचा रॅप ९० च्या आसपास. ऐकायला वाटतं बसणार कसं? पण आपल्याकडे भजनात काय होतं? ठाय लयीत अभंग, मग दुगुन, टाळकरी तेच, ठेका तोच. हल्लीचा ट्रॅप, म्हणजे रॅपचाच एक प्रकार, कागदावर १४० चा असतो आणि मान हलते ७० ला. लेझीम खेळलेल्या कुठल्याही माणसाला हे अंगानेच कळतं : हलगी दुप्पट पळत असते, पावलं आपली निवांत पडतात. मी स्वतः मंडळात नऊ वर्षं लेझीम खेळलोय, आता गुडघ्यामुळे नुसती शिट्टी वाजवतो.

चांगली मिसळण होते हे ऐकूनच म्हणतोय. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' आलं. खाली सरळ हाऊस, वर मराठी, आणि ते काढलं नेदरलँड्सच्या एका मोठ्या डान्स लेबलने. त्यात बोल कोथिंबिरीसारखे नाहीत, बोलांवरच गाणं उभं आहे, बोल काढले तर उरतं काय? आमच्या १४ मशीनवरच्या बायकांनी ते महिनाभर गुणगुणलं, तेलुगू बोलणाऱ्यांनीसुद्धा. मास्तरांनीही मान हलवली होती. ते नाकारतात. मी पाहिलंय.

याच्या उलट अमेरिकेत २००९ च्या सुमाराला काय झालं बघा. ब्लॅक आइड पीज हा मूळचा हिप-हॉप गट. त्यांनी फ्रान्सचा डीजे डेव्हिड गेटा घेतला, एक गाणं केलं, आणि त्याच्या आधीचं एक धरून दोन गाणी मिळून सलग २६ आठवडे तिथल्या हिट गाण्यांच्या यादीत पहिल्या नंबरवर. मग काय, रांगच लागली. जो तो रॅपर क्लबमध्ये जाऊन हात वर करायला लागला. मलाही त्यातली दोन-तीन गाणी आवडतात, लग्नाच्या वरातीत नाचलोय त्यांच्यावर. पण त्यात कोण काय बोललं हे मला आजही सांगता येणार नाही.

डॉल्बीचं मध्येच आणू नका, प्लीज. कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच, 'आधीच मिरवणुकीत छाती फुटायची वेळ येते, आता रेडिओवर पण ढप-ढप?' ते दुखणं आवाजाचं आहे, मिसळण्याचं नाही. भिंतीएवढे स्पीकर लावून अभंग वाजवला तरी म्हाताऱ्या माणसाच्या छातीत धडधडणारच. रेडिओला निदान बटण असतं.

रेडिओवाल्यांकडे माझी तक्रार साधी आहे. जाहिरातींना जागा करायला गाणं कापायचं झालं की तुम्ही पहिला रॅप कापता, हे मी दिवसाचे दहा तास ऐकून सांगतोय. आणि गाणं संपल्यावर सिनेमाचं नाव घेता, हिरोचं घेता, आठ ओळी ज्याने लिहिल्या त्याचं नाव घेत नाही. नाव घ्यायला दोन सेकंद लागतात. जाहिरातीत 'अटी लागू' म्हणायला पण तेवढेच लागतात.

भांडण संध्याकाळी मिटलं. पोराने मास्तरांना भजी आणून दिली आणि 'बे'बद्दल माफी मागितली, अर्थात 'सॉरी बे मास्तर' अशीच. मग रात्री शटर ओढल्यावर त्याने आम्हाला त्याचं गाणं ऐकवलं. दखनीत सुरू होतं, मध्ये मराठी, शेवटी आईशी तेलुगूत चार ओळी. खाली त्याने मोबाईलवर हलगी रेकॉर्ड करून घातलीय, तिच्याखाली हाऊसचा ठोका, आणि शब्द आले की हलगी मागं जाते. हे त्याला कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाला, "गड्ड्यात बघितलं की शेठ, काठ्या निघाल्यावर." गड्डा म्हणजे आमची सिद्धेश्वराची यात्रा, काठ्या म्हणजे तिच्या मिरवणुकीतले नंदीध्वज.

म्हणजे दुपारभर मिसळण्याच्या नावाने शिमगा करणारा हाच.

गाणं ३ मिनिटं १२ सेकंदांचं आहे. कुणाची रेडिओत ओळख असेल तर मेसेज करा. त्यात एक शिवी आहे, ती रेडिओवर चालणार नाही हे मला कळतं. पोरगं काढायला तयार नाही, मास्तर म्हणतात ती शिवी यमकाला बरोबर बसलीय, राहू दे. मी दोघांशी बोलतो.